जबड्याची चौकशी

"दारावर कोण आहे, बघा हो जरा," बायको म्हणाली.

मी टोस्टचा घास तोंडात ठेवून उठलो. दाराच्या भोकातून पाहिलं. कोणी नव्हतं. परत येऊन बसलो, पुढचा घास घेतला, तर ती म्हणाली, "परत वाजलं." या वेळी मी भोकातून न बघता दार खाडकन उघडलं, कारण ज्यांना लपायचं असतं त्यांना भोक कुठे असतं ते बरोबर ठाऊक असतं. समोरच्यांच्या पायपुसण्यावर एक मांजर बसलं होतं. ते माझ्याकडे बघून उठून गेलं. आता कारण नसताना कोण उठून जातं? पण ते असो. तिसऱ्यांदा मी खुर्ची मागे सारली तेव्हा बायको दाराकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती.

"थांबा. पुन्हा चावा बघू."

मी चावलो. कट्ट.

"दार नाही," ती म्हणाली, "तुम्ही वाजताय."

मी वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक आहे. उभा जन्म दुकानदारांचे तराजू उलटे करून बघण्यात गेला. या नोकरीत माणूस फार लवकर शिकतो की जो हसून 'या साहेब, बसा साहेब' म्हणतो त्याच्या तराजूखाली काहीतरी चिकटवलेलं असतं, आणि जो हसत नाही त्याने ते जास्त चांगलं चिकटवलेलं असतं. घरी मी संशयी आहे असं म्हणतात. मी संशयी नाही. मी फक्त आधी तपासतो आणि मग विश्वास ठेवत नाही.

पण स्वतःच्याच जबड्याने असं पाठीमागून वाजावं, हे मला अपेक्षित नव्हतं. आठवडाभरात आवाजाबरोबर दुखणंही आलं. उजव्या कानापुढे कोणीतरी खिळा ठोकून त्याला रोज थोडं थोडं वळवतंय असं वाटायचं. जांभई देताना मी दोन्ही हातांनी हनुवटी धरायचो. कार्यालयात लोकांना वाटायचं साहेब गहन विचारात आहेत.

आमच्या दातांच्या डॉक्टरांनी तपासून "दात उत्तम आहेत" म्हटल्यावर मला पहिला धक्का बसला. दातांचा डॉक्टर दात उत्तम म्हणतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. मग त्यांनी एमआरआयचा फोटो काढायला लावला, तो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "कानापुढे जबड्याचा सांधा असतो. त्यात एक बारकी चकती असते. तुमची पुढे सरकलीय."

"कोणी सरकवली?" मी विचारलं. सवय.

"सांध्याच्या डॉक्टरांना भेटा," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर हातात बॅटरी घेऊन दारात उभे!

"उघडा," ते म्हणाले. "तोंड."

चाळीस वर्षं मुलांना दटावलेला आवाज तो. मी उघडलं. त्यांनी आत उजेड पाडून बराच वेळ पाहिलं, 'हं हं' केलं आणि बॅटरी बंद केली. "लेसर," ते म्हणाले. "माझा गुडघा आठवतो ना? जिना चढताना दर पायरीवर मी देवाचं नाव घ्यायचो. लेसर घेतलं. आता देव निवांत आहे."

"पण मास्तर, गुडघा वेगळा, जबडा वेगळा."

"सांधा तो सांधा. बिजागरी दाराची असो की कपाटाची, तेल एकच." एवढं बोलून त्यांनी जबड्याच्या सांध्यावर लेसर करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. छापील, कोरं करकरीत. गुडघ्याच्या माणसाच्या खिशात जबड्याचं कार्ड कसं आलं? मी हे मनात नोंदवून ठेवलं.

संध्याकाळी मेहुणा आला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दर वर्षी नवा धंदा काढायचा आणि दर वर्षी तो बुडाल्यावर पहिल्यापेक्षा जास्त उत्साहात दिसायचं, हा त्याचा मूळ व्यवसाय. त्याने टेबलावर एक गुळगुळीत पुस्तिका टाकली. तिच्या मुखपृष्ठावर एक बाई सफरचंद चावत होती आणि तिला त्यात अवास्तव आनंद होत होता.

"भावोजी, लेसर म्हणजे वरवरची मलमपट्टी," तो म्हणाला. "स्टेम सेल! आपल्याच शरीरातल्या पेशी घ्यायच्या, सांध्यात सोडायच्या. त्या झिजलेलं पुन्हा तयार करतात. मुळापासून काम."

"लेसरचं तुला कोणी सांगितलं?"

तो अडखळला. "म्हणजे... लोक घेतात ना लेसर."

बायको स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात घासत होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझा सगळा संशय त्या वेळी मेहुण्यावर खर्च होत होता. एवढ्या गुळगुळीत कागदाची पुस्तिका कोणी कोणाला फुकट आणून देत नाही. यात दलाली आहे, हे मी तिथल्या तिथे ओळखलं.

आमच्या खात्यात उपचाराआधी वैद्यकीय मंजुरी कक्षाची परवानगी लागते. तिथे दोन खिडक्या आहेत, हाडांची आणि दातांची. हाडांच्या खिडकीतल्या बाईंनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "मानेच्या वर आमचं काही नसतं. दातांकडे जा." दातांच्या खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "कोणता दात?" मी म्हटलं, दात नाही, सांधा. "मग दात दुखायला लागला की या." मी पुन्हा हाडांकडे गेलो. बाईंना माझी दया आली असावी. त्यांनी आवाज खाली आणून सुचवलं, "कानाजवळ आहे ना? कान म्हणून द्या. कानाचे साहेब रजेवर आहेत, पण ते आले की कोणालाच नाही म्हणत नाहीत."

"अहो पण मला ऐकू नीट येतं!"

"ते बोलू नका मग."

शेवटी त्यांनी एवढं कबूल केलं की दोन उपचारांत निवड करायची असेल तर तुलनात्मक तक्ता जोडा, मग बघू. फक्त नियमाप्रमाणे तुलना तीन गोष्टींची लागते. दोघांत तुलना केली की पक्षपात वाटतो म्हणे. मी घरी येऊन बायकोला विचारलं, तिसरा उपचार काय लिहू?

"गप्प बसणे," ती म्हणाली.

तक्ता करायचा तर प्रत्यक्ष पाहणी हवी. आधी लेसरच्या बाईंकडे गेलो. स्वच्छ, छोटं क्लिनिक. बाई उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला काळा चष्मा घातला, स्वतःही घातला, आणि पेनासारखं यंत्र माझ्या गालावर टेकवलं. टोकाला तांबडा ठिपका होता.

"काही जाणवतंय?"

"नाही."

"छान. जाणवायला नकोच."

हे वाक्य मी दुकानदारांकडून पुष्कळदा ऐकलं होतं. मी विचारलं, "हा तांबडा प्रकाशच काम करतो ना?"

"तो फक्त जागा दाखवायला. खरा किरण डोळ्यांना दिसत नाही."

"म्हणजे जे दिसतं ते काम करत नाही आणि जे काम करतं ते दिसत नाही?"

"बरोबर," बाई शांतपणे म्हणाल्या. "सूज आणि दुखणं कमी व्हायला मदत होते. बऱ्याच जणांना होते, काहींना होत नाही. काही बैठका घेऊन बघू."

मी उठून बसलो आणि यंत्राचं तपासणी प्रमाणपत्र मागितलं. कोणत्याही मोजणाऱ्या वस्तूवर तपासणीचा शिक्का हवा. बाईंनी काळा चष्मा काढला. "तुम्ही पेशंट आहात की धाड?" त्यांनी विचारलं. बाहेर बसलेली माणसं हसली. मी मान ताठ ठेवून निघालो. अपमान झाला की मी नेहमी मान ताठ ठेवतो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की त्या वेळी मी दातही आवळतो.

गंमत म्हणजे त्या संध्याकाळी दुखणं खरंच कमी होतं. मला ते कमी होणंच संशयास्पद वाटलं. एकाच बैठकीत? गिऱ्हाईक ओढायला पहिल्या दिवशी माप भरून देतात, तसं तर नसेल?

मग स्टेम सेलवाल्यांकडे. बायको बरोबर आली. तिथे भिंतीवरून पाणी वाहत होतं, आणि बसायला इतके मऊ सोफे की त्यातून उठण्यासाठीच एखादा उपचार लागावा. डॉक्टर मात्र किडकिडीत आणि मवाळ होते. त्यांनी समजावलं, पोटाची थोडी चरबी सुईने काढायची, त्यातून पेशी वेगळ्या करायच्या आणि त्या जबड्याच्या सांध्यात टोचायच्या.

"म्हणजे इतकी वर्षं तोंडातलं पोटात गेलं," बायको म्हणाली, "आणि आता पोटातलं तोंडात?"

"डॉक्टर," मी मुद्द्याचं विचारलं, "त्या पेशीला कसं कळणार की आपण आता पोट नाही, जबडा आहोत?"

"आजूबाजूच्या खुणांवरून कळतं, अशी आमची समजूत आहे."

"समजूत?"

"हे अजून संशोधनाच्या पातळीवर आहे. तसं आम्ही लिहून देतो."

मी बायकोकडे अर्थपूर्ण पाहिलं. माझ्या पोटातल्या पेशींना मी जवळून ओळखतो. जागा मिळेल तिथे पसरणं एवढी एकच गोष्ट त्यांना येते. उद्या त्या गालात पसरल्या तर? एका बाजूचा गाल सुटलेला निरीक्षक बाजारात तपासणीला गेला तर दुकानदार पेढीवरून खाली पडतील हसून.

पण माझा खरा रस दलालीत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या क्लिनिकला फोन लावला. आवाज घोगरा केला आणि सांगितलं की मी एक एजंट आहे, माझ्याकडे जबड्याचे भरपूर रुग्ण आहेत, तर रुग्ण आणणाऱ्याला आपण काय देता?

पलीकडची मुलगी म्हणाली, "आम्ही तसं काही देत नाही, सर."

"अहो, देता! मला माहीत आहे!" मी आवेशात म्हणालो, आणि जबडा वाजला. कट्ट.

मग ती गोड आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही काल ताईंबरोबर आला होतात ना? दुखणं वाढलंय का?"

मी फोन ठेवला. पण देत नाही म्हणाली, म्हणजे नक्कीच देत असणार.

त्यानंतर आमच्या वाचनालयाच्या सभागृहात व्याख्यान ठरलं. विषय, 'जबड्याचे विकार: लेसर की स्टेम सेल?' वक्ते तेच दोघे डॉक्टर. अध्यक्ष हेडमास्तर. मला वाटलं, ही संधी. दोन्ही पक्ष एका छपराखाली, मेहुणाही पुढच्या रांगेत. मी भर सभेत सत्य बाहेर काढणार होतो. बायकोला मी काही सांगितलं नाही, पण मी इस्त्रीचा सदरा घातल्याचं पाहून ती म्हणाली, "आज काहीतरी करणार तुम्ही."

दोघांची भाषणं झाली. खरं सांगायचं तर मला दोघांतलं भांडण हवं होतं आणि ते होईना. बाई म्हणाल्या, लेसरने आराम पडतो, सरकलेली चकती जागेवर येईल असं मी म्हणणार नाही. डॉक्टर म्हणाले, स्टेम सेलकडून आशा आहे, पण फार थोड्या रुग्णांवर पाहिलंय, काही वर्षांनी काय होईल मला ठाऊक नाही. एवढा प्रामाणिकपणा, तोही जोडीने! यांचं आधीच ठरलंय, हे मी ओळखलं.

"कोणाला काही विचारायचंय?" हेडमास्तरांनी विचारलं.

मी उभा राहिलो. छाती भरून श्वास घेतला. "मला प्रश्न विचारायचा नाही," मी म्हणालो, "मला एक गोष्ट उघड करायची आहे. या सभागृहात माझ्याच नात्यातला एक माणूस बसला आहे, जो रुग्णांच्या दुखण्यावर दलाली..." मी मेहुण्याकडे बोट केलं आणि 'खातो' म्हणण्यासाठी तोंड पूर्ण उघडलं. 'खा' झाला. 'तो' आलाच नाही.

जबडा उघडा राहिला. पूर्ण. आत काहीतरी घसरलं आणि तिथेच अडकलं.

सभागृह माझ्याकडे बघत होतं. मी आ वासून, मेहुण्यावर बोट रोखून उभा. लोकांना वाटलं, मी शब्दांचा परिणाम होऊ देतोय.

"बोला, बोला," हेडमास्तर म्हणाले.

"आ," मी म्हणालो.

"काय?"

"आ. आआ."

"मुद्दा मोठा दिसतो," मागून कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांत आधी कोण उठला असेल तर तो मेहुणा. भर सभेत ज्याच्यावर मी बोट रोखलं होतं तो खुर्च्या ओलांडत आला, मला खाली बसवलं आणि ओरडला, "डॉक्टर! जबडा निखळलाय यांचा!" मग स्वतःच्या रुमालाने माझ्या हनुवटीवरची लाळ पुसली. मला ती थांबवता येत नव्हती. इतक्या लोकांसमोर लाळ! मी डोळे मिटून घेतले.

दोन्ही डॉक्टर धावत आले. बाईंनी अंगठ्यांना रुमाल गुंडाळले आणि ते माझ्या तोंडात खालच्या दाढांवर ठेवले. डॉक्टरांनी मागून डोकं धरलं.

"आधी खाली दाबा, मग मागे," ते म्हणाले.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही डोकं धरा फक्त."

"अंगठे वेळेवर काढा."

"माहीत आहे!"

माझ्या तोंडावर वाकलेले ते दोन चेहरे मी इतक्या जवळून पाहिले की संशयाला जागाच उरली नाही. दोघांच्याही कपाळावर घाम होता. बाईंनी दाबलं, एक जीवघेणी कळ आली, आणि जबडा खटकन मिटला.

बाईंचा उजवा अंगठा आतच होता.

त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दात खरंच उत्तम आहेत."

आम्ही मागच्या खोलीत बसलो. बाईंनी अंगठा गार पाण्यात बुडवला होता. माझ्या डोक्याभोवती हनुवटीखालून पट्टी बांधली होती, वर गाठ. मेहुणा दाराशी पाठ करून उभा होता. माझं वाक्य अर्धं राहिलं होतं, पण अर्थ पूर्ण पोहोचला होता.

किडकिडीत डॉक्टर म्हणाले, "हे गृहस्थ तुमच्या आधी दोनदा माझ्याकडे येऊन गेले. प्रत्येक वेळी मला उलटसुलट विचारून भंडावून सोडलं. धोका काय, फसलं तर काय, माझ्या भावोजींना नक्की गरज आहे का. प्रामाणिकपणे सांगतो, त्यांचे प्रश्न तुमच्यापेक्षा चांगले होते."

"मग... पुस्तिका?" मी दात न उघडता विचारलं.

"ती मी आणायला सांगितली," बायको म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"आणि मास्तरांना कार्ड मीच दिलं. काय करणार? मी डॉक्टरांकडे चला म्हटलं की तुम्ही विचारणार, तुला कोणी सांगितलं, त्याला कोणी सांगितलं. एकच उपाय समोर आला तर तुम्ही त्यावर फुली मारणार, हे ठरलेलं. म्हटलं, दोन आणू. दोघांवर संशय घेता घेता निदान एकावर कमी घ्याल. झोपेत दात खाता हो तुम्ही. शेजारी झोपून ऐकवत नाही ते."

तर कट होता. माझा अंदाज पहिल्यापासून बरोबर होता. फक्त सूत्रधार माझ्याच घरात भांडी घासत होता.

मी मेहुण्याकडे वळलो, पण दार उघडंच होतं आणि तो गेला होता.

दोघा डॉक्टरांनी मिळून मला जे सांगितलं त्यात ना लेसरचा विजय झाला ना स्टेम सेलचा. मऊ खा, तोंड फार उघडू नका, झोपताना दातांवर बसवायची पट्टी करून घ्या, गरम शेक घ्या. दुखण्यासाठी लेसरच्या काही बैठका घ्यायला हरकत नाही. स्टेम सेल तुमच्यासाठी आत्ता नाही, असं खुद्द स्टेम सेलवाले म्हणाले. मंजुरी कक्षाने यावर नंतर कळवलं की घरी शेक घेणे हे कान, हाड वा दात यांपैकी कशातच बसत नाही.

पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मला बोलायची बंदी होती, आणि तिला नव्हती, तरी ती बोलत नव्हती. घरात असली शांतता मी कधी ऐकली नव्हती. दुपारी ती पायपुसण्यावरून माझ्या चपला उचलून समोर ठेवून गेली. मी समजलो.

मेहुण्याच्या घराचा जिना अरुंद आहे. डोक्याला पट्टी आणि वर गाठ अशा अवतारात मी तिसरा मजला चढलो. वाटेत एका लहान मुलीने आईला विचारलं, "या काकांना कोणी भेट म्हणून दिलंय का?" मी मान ताठ ठेवणार होतो, पण दात आवळायचे नाहीत हे आठवलं.

त्याने दार उघडलं. मला पाहिलं. हसला नाही.

"बोला."

"चुकलो," मी दात न उघडता म्हणालो. ते 'चुक्वो' असं काहीतरी आलं.

"ऐकू नाही आलं."

"चुक्वो!"

"भर सभेत मोठ्याने म्हणाला होतात, भावोजी. माझी बायको होती तिथे. शेजारी होते."

मला बरंच सांगायचं होतं. की आयुष्यभर लोकांच्या तराजूखाली हात घालून घालून माझा हातच तसा झालाय. की सगळ्यांत आधी खुर्च्या ओलांडून तूच आलास, ते मी उघड्या तोंडाने पाहिलंय. पण दोन बोटांपेक्षा जास्त तोंड उघडायचं नव्हतं, आणि एवढं सगळं दोन बोटांत मावत नाही. मी त्याचा रुमाल खिशातून काढला. धुऊन, इस्त्री करून आणला होता. तो पुढे धरला. माझे डोळे जरा भरून आले होते. पट्टी घट्ट होती, दुसरं काही नाही.

त्याने रुमाल घेतला. मग माझ्या डोक्यावरच्या गाठीकडे पाहिलं आणि त्याचं तोंड वाकडं व्हायला लागलं. तो दाराला धरून हसायला लागला. बराच वेळ हसला. मलाही हसू आलं, पण मला ते नाकातूनच काढावं लागलं.

"बरं झालं आलात," तो डोळे पुसत म्हणाला. "नवीन धंदा काढतोय. अळंबी. अंधारी, दमट जागा लागते. तुमची मागची खोली एकदम झकास आहे. चालेल ना?"

मला शंभर प्रश्न होते. किती जागा, किती दिवस, वास येतो का, भिंतींना ओल लागते का, आणि ही कल्पना तुझ्या ताईची तर नाही? पण 'नाही' म्हणायला तोंड चांगलं उघडावं लागतं. 'हं' मिटल्या तोंडाने म्हणता येतं.

"हं," मी म्हणालो.

"आत्ताच नेऊ मग!" तो आत गेला आणि ओल्या भुशाचं एक भलंमोठं पोतं ओढत आणलं. एक टोक त्याने धरलं, एक मी. जिना उतरताना तो पुढे होता आणि अळंबीचं भवितव्य सांगत होता. पोत्यातलं पाणी माझ्या इस्त्रीच्या सदऱ्यावर ठिबकत होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला, बोलता बोलता माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि पोतं फिरवून जड बाजू आपल्याकडे घेतली.

का घेतली, हे मी विचारलं नाही.